पायथन ३.१४ हाती घेताना: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१४ ही आवृत्ती ७ ऑक्टोबर २०२५ रोजी आली. तिच्याबद्दलची चर्चा बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरली: पायथनच्या पोटातलं ‘जिल’ नावाचं जुनं कुलूप, जे एका वेळी एकच काम चालू देतं, ते आता अधिकृतपणे काढून टाकता येतं. गोष्ट मोठी आहे आणि तिच्याकडे आपण येऊच. पण ज्यांनी अजून पन्नास ओळींपलीकडचा प्रोग्राम लिहिलेला नाही, त्यांच्या कामाचा बदल वेगळाच आहे. तुमचं काय चुकलं ते पायथन आता पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट सांगतो. शिकवताना मी वारंवार पाहिलं आहे की मुलं प्रोग्रामिंग सोडतात ती गणित अवघड जातं म्हणून नाही. स्क्रीनवर आलेली एरर म्हणजे आपल्याला मिळालेला शेरा आहे असं त्यांना वाटतं, आणि ती वाचायचीच राहून जाते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त वेळ मी एररवरच घालवणार आहे.

कोडमधले आणि कमांडमधले शब्द मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजीत टाका. जिथे खरोखर देवनागरीच टाइप करायची आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १: आवृत्तीचा आकडा नीट वाचा

३.१४ हा दशांश अपूर्णांक नाही. तो ‘तीन पॉइंट चौदा’ असा वाचायचा: तिसऱ्या पिढीतली १४ क्रमांकाची आवृत्ती. त्यामुळे ३.९ ही ३.१४ पेक्षा जुनी आहे, आकडा मोठा दिसला तरी. ही गफलत इतकी नेहमीची आहे की पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवावी. पायथनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरमध्ये येते आणि तिला पाच वर्षं आधार मिळतो. ३.१४ ची मुदत ऑक्टोबर २०३० पर्यंत आहे. ३.९ ची ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, म्हणून एखाद्या जुन्या संगणकावर ती सापडली तर शिकायला ती घेऊ नका.

पायरी २: इन्स्टॉल करा

विंडोजवर या वेळी पद्धत बदलली आहे. पायथनच्या अधिकृत साइटवर आता ‘पायथन इन्स्टॉल मॅनेजर’ मिळतो. तो एकदा बसवला की टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पी-वाय, मग इन्स्टॉल, मग ३.१४ असं लिहायचं. बाकी सगळं तो करतो. पी-वाय लिस्ट म्हटलं की संगणकावर कोणकोणत्या आवृत्त्या आहेत ते दिसतं. पूर्वीच्या इन्स्टॉलरमध्ये तळाशी ‘पाथ’ची एक चौकट असायची. ती टिक करायची राहिली की नंतर ‘पायथन सापडत नाही’ म्हणून अर्धा दिवस जायचा. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून ती चौकट दाखवतात. नव्या मॅनेजरमध्ये ती शोधत बसू नका. पायथन बसवलेला नसताना विंडोजच्या टर्मिनलमध्ये नुसतं ‘पायथन’ लिहिलं तर मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं. त्यात बिघाड काही नाही, विंडोज फक्त तुम्हाला दुकानाकडे पाठवतंय.

मॅकवर अधिकृत साइटवरचा इन्स्टॉलर पुरेसा आहे. लिनक्सवर मात्र एक पथ्य पाळा: सिस्टिमसोबत आलेल्या पायथनला हात लावू नका. उबंटू २४.०४ सोबत ३.१२ येतो आणि उबंटूची स्वतःची कितीतरी साधनं त्याच्यावर चालतात. तो काढला तर संगणकच अडखळतो. नवा पायथन शेजारी बसवा. त्यासाठी ‘यूव्ही’ नावाचं मोफत साधन मला सगळ्यात सोपं वाटलं: यूव्ही पायथन इन्स्टॉल ३.१४ एवढं लिहिलं की झालं.

मग प्रत्येक कामासाठी वेगळा फोल्डर आणि त्यात वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या कामापुरता वेगळा ठेवलेला पायथन, करा. पहिल्या आठवड्यात हे जड वाटतं, तरी सवय आत्ताच लावा. नवी आवृत्ती आल्यावर काही लायब्ररी (इतरांनी लिहिलेले तयार कोडचे संच) मागे राहिलेल्या असतात, आणि एका कामासाठी ३.१४, दुसऱ्यासाठी ३.१२ असं शेजारी शेजारी ठेवावं लागतं.

पायरी ३: फाइल बनवण्याआधी अर्धा तास नुसतं बोला

टर्मिनलमध्ये पायथन सुरू केलात की तीन बाणांची खूण येते. तिथे एक ओळ लिहायची, एंटर मारायचं, उत्तर लगेच. या जागेला रेपल म्हणतात. ३.१३ मध्ये ती नव्याने बांधली गेली आणि ३.१४ मध्ये तिला रंग आले. तुम्ही टाइप करत असतानाच भाषेचे राखीव शब्द, स्ट्रिंग (म्हणजे अवतरणातला मजकूर), आकडे वेगवेगळ्या रंगांत दिसतात. हे नुसतं सजावटीचं नाही. अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं की पुढचा सगळा मजकूर स्ट्रिंगच्या रंगाचा होतो, आणि एंटर मारण्याआधीच चूक डोळ्याला खुपते.

आणखी तीन सोयी वापरून पाहा. चार ओळींचं फंक्शन लिहून झालं आणि दुसरी ओळ चुकली, तर वरचा बाण दाबा. अख्खं फंक्शन परत येतं, जुन्या रेपलसारखी एकेक ओळ नाही. बाहेरून कॉपी केलेला लांब कोड चिकटवण्याआधी एफ-३ दाबा, म्हणजे इंडेंटेशन, ओळीआधीची मोकळी जागा, विस्कटत नाही. आणि इम्पोर्ट लिहून मॉड्यूलच्या (तयार कोडच्या फाइलच्या) नावाची पहिली दोन अक्षरं टाकून टॅब दाबा. पर्याय समोर येतात. हे शेवटचं ३.१४ मध्येच आलं आहे.

पायरी ४: मुद्दाम चुका

आता मुख्य काम. खाली सांगितलेल्या चुका स्वतःच्या हाताने करा. चूक आपण जाणून केली असली की एररची भीती वाटत नाही, आणि तिचे शब्द ओळखीचे होतात.

पहिली: व्हाइल या शब्दात एक ‘एल’ जास्त टाका आणि पुढे ट्रू आणि कोलन लिहा. जुने पायथन इथे ‘इन्व्हॅलिड सिंटॅक्स’ एवढंच म्हणून गप्प बसत. ३.१४ पुढे विचारतो: तुम्हाला ‘व्हाइल’ म्हणायचं होतं का? प्रिंटसारख्या नावांतली स्पेलिंगची चूक ३.१० पासूनच ओळखली जात होती. भाषेच्या राखीव शब्दांसाठी ही मदत आता आली.

दुसरी: इफ लिहा, मग एल्स, आणि त्याच्या खाली एलिफ. आता एरर सरळ सांगते की एलिफचा भाग एल्सनंतर आला आहे. नवशिक्याला नेमकं हेच कळत नसतं, कारण प्रत्येक ओळ सुटी पाहिली तर बरोबरच दिसते. चुकलेला असतो तो क्रम.

तिसरी चूक मराठी मजकूर लिहिणाऱ्यांकडून हमखास होते. ही ओळ तशीच टाइप करा, देवनागरीतच:

निरोप = "आई म्हणाली, "ये" लवकर"

आतल्या दुहेरी अवतरणाने स्ट्रिंग मध्येच संपते. पायथन आता विचारतो, हा मधला भाग स्ट्रिंगचाच आहे का? तसं असेल तर बाहेर एकेरी अवतरण आणि आत दुहेरी ठेवा, काम होईल. याचंच भावंड म्हणजे वाकडी, नक्षीदार अवतरणं. व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून कोड उचलला की ती येतात आणि पायथन ‘इन्व्हॅलिड कॅरॅक्टर’ म्हणतो. तो अमुक एका चिन्हाकडे बोट दाखवत असतो; त्या चिन्हाकडे निरखून पाहा.

चौथी: सेटमध्ये (ज्यात एक घटक दोनदा येत नाही असा संग्रह) एक लिस्ट (बदलता येणारी यादी) टाकून बघा. पूर्वी ‘अनहॅशेबल टाइप’ असे दोनच शब्द यायचे आणि नवा माणूस हॅश म्हणजे काय ते शोधत बसायचा. आता वाक्य असं येतं की लिस्ट ही सेटचा घटक म्हणून वापरता येत नाही. कारण कंसात आहे, पण आधी काय घडलं ते सांगितलं जातं. टपल, म्हणजे न बदलणारी यादी, वापरा, चालेल.

पाचवी खास जपून करा. फाइलला रँडम हे नाव द्या आणि तिच्यातच रँडम मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यातलं एखादं फंक्शन वापरा. पायथन मूळ मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलतो आणि ‘असं काही यात नाही’ म्हणतो. ३.१३ पासून तो जोडीला सुचवतो की फाइलचं नाव बदला, ते प्रमाण मॉड्यूलशी जुळतं आहे. नावाच्या या गोंधळात गेलेल्या दुपारी मला चांगल्या आठवतात, म्हणून ही एक ओळ मला फार मोलाची वाटते.

एरर वाचण्याचा क्रम असा ठेवा: सगळ्यात खालची ओळ आधी, कारण काय झालं ते तिथे असतं. मग तिच्या वर पाहा: कुठे झालं, म्हणजे फाइल आणि ओळीचा आकडा. मग कोडखालच्या बारीक टोप्या (^ अशा खुणा), कारण ३.११ पासून त्या ओळीतला नेमका भाग दाखवतात. एक मात्र ध्यानात असू द्या. ‘हे म्हणायचं होतं का’ हा पायथनचा अंदाज असतो. त्याला स्पेलिंग कळतं, तुमचा हेतू कळत नाही. सुचवलेला शब्द डोळे झाकून टाकू नका.

पायरी ५: मराठीतून लिहून पाहा

पायथनमध्ये चलांना, म्हणजे व्हेरिएबलना, देवनागरी नावं देता येतात. ही सोय ३.१४ ची नाही, २००८ साली आलेल्या ३.० पासूनची आहे. पण आपल्याकडे शिकवताना तिचा उल्लेखही होत नाही आणि मला ते खटकतं. नाव आणि किंमत यांचा संबंध आपल्या भाषेत कळला की ‘व्हेरिएबल’ या शब्दाचं ओझं वाटत नाही. या ओळी अस्सल पायथन आहेत:

हापूस = "१२"
भाव = "६००"

आता दोन्हींचा गुणाकार करायला सांगा. एरर येईल, कारण अवतरणात असल्यामुळे त्या स्ट्रिंग आहेत, संख्या नाहीत. दोन्हींना इंट या फंक्शनमधून काढा आणि मग गुणा: उत्तर ७२०० येतं. म्हणजे स्ट्रिंगमधले देवनागरी अंक पायथनला समजतात. अवतरणाशिवाय थेट देवनागरी अंक लिहिलेले मात्र चालत नाहीत, आणि उत्तरही इंग्रजी अंकांतच दिसतं.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. वर्गात एका मुलीने चलाला ‘कैऱ्या’ असं नाव दिलं आणि एरर आली. शेजारच्या मुलाने तेच नाव दिलं, त्याचं चाललं. दोघांच्या स्क्रीनवर शब्द अगदी सारखा दिसत होता. एररमध्ये ‘न दिसणारं अक्षर’ असे शब्द आणि ‘यू+२००डी’ असा आकडा होता. झालं होतं असं, की तिच्या कीबोर्डने ऱ्य लिहिताना साधा र, हलन्त आणि त्यामागे जोडणारं एक अदृश्य चिन्ह टाकलं होतं. त्याच्या कीबोर्डने ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलं होतं. पायथन चलाच्या नावात अदृश्य चिन्ह घेत नाही. त्यामुळे ‘पायऱ्या’, ‘कैऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशी नावं देताना एवढं सांभाळा. स्ट्रिंगच्या आत ते चिन्ह असलं तर हरकत नाही.

अक्षरं मोजतानाही सावध राहा. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथन पाच सांगतो, कारण काना आणि वेलांटी तो वेगळी मोजतो. शब्द उलटा करायला गेलात तर वेलांटी एकटीच पुढे येऊन बसते.

आणि फाइलचं काय? बऱ्याच विंडोज संगणकांवर ओपन हे फंक्शन फाइल जुन्या इंग्रजी सांकेतिक पद्धतीने उघडतं. मराठी मजकूर लिहायला गेलात की ‘चारमॅप’ शब्द असलेली एरर येते, वाचायला गेलात की अक्षरांचा चिवडा दिसतो. ओपन लिहिताना दर वेळी एन्कोडिंग म्हणून युटीएफ-८ लिहायचं, चुकवायचं नाही. पुढच्या, म्हणजे ३.१५ आवृत्तीपासून न सांगता युटीएफ-८ धरायचं असं ठरलेलं आहे, पण ३.१४ मध्ये ते तुम्हालाच सांगावं लागतं.

पायरी ६: टी-स्ट्रिंग

३.१४ मधली भाषेच्या पातळीवरची सगळ्यात नवी गोष्ट हीच. ती समजायला आधी एफ-स्ट्रिंग यायला हवी. अवतरणाआधी ‘एफ’ लिहिलं की स्ट्रिंगमध्ये महिरपी कंसात चलाचं नाव देता येतं आणि त्या जागी किंमत भरली जाते. २०१६ च्या अखेरीस ३.६ सोबत ती आली आणि आता सगळीकडे आहे.

तिच्यात एक धोका दडलेला आहे. समजा तुम्ही एक छोटं पान बनवलं, जिथे माणूस आपलं नाव टाकतो आणि पान ‘नमस्कार’ म्हणतं. कोणी नावाच्या जागी स्क्रिप्टचा टॅग टाकला तर एफ-स्ट्रिंग तो निमूटपणे पानात मिसळते आणि पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये तो चालतो. डेटाबेसच्या क्वेरीतही हाच प्रकार. किंमत आणि मजकूर एकदा मिसळले की कोणता भाग तुमचा आणि कोणता परक्याचा, हे ओळखायला काही उरत नाही.

टी-स्ट्रिंग ते मिसळणं तुमच्या हातात ठेवते. अवतरणाआधी ‘टी’ लिहिलं की स्ट्रिंग मिळत नाही, टेम्प्लेट नावाची वस्तू मिळते. तिच्यात तुमचा मजकूर वेगळा असतो आणि भरायच्या किमती वेगळ्या. म्हणून ती थेट प्रिंट केलीत तर वाक्य दिसणार नाही, टेम्प्लेटचं वर्णन दिसेल. पहिल्यांदा सगळेच इथे गोंधळतात.

सराव असा करा. स्ट्रिंग पॅकेजमधल्या टेम्प्लेटलिब मॉड्यूलमधून इंटरपोलेशन इम्पोर्ट करा. एक फंक्शन लिहा, ज्याला टेम्प्लेट द्यायचं. आत फॉर लूप टेम्प्लेटवरच चालवा. हाती आलेला तुकडा इंटरपोलेशन असेल तर त्याची व्हॅल्यू स्ट्रिंगमध्ये बदला आणि एचटीएमएल मॉड्यूलच्या एस्केप फंक्शनमधून काढा. साधी स्ट्रिंग असेल तर जशीच्या तशी घ्या. शेवटी सगळे तुकडे जोडा. आठ-दहा ओळींत होतं. मग नाव म्हणून मुद्दाम टॅग टाकून पाहा: तो आता निरुपद्रवी मजकूर म्हणून दिसेल. असं फंक्शन पायथनसोबत तयार मिळत नाही, ते लायब्ररी लिहिणाऱ्यांनी द्यायचं आहे. तरी एकदा स्वतः लिहा. परक्याकडून आलेल्या मजकुरावर विश्वास ठेवायचा नाही, हे ऐकून नाही, हाताने करूनच अंगात मुरतं. रोजच्या साध्या वाक्यांसाठी एफ-स्ट्रिंगच वापरत राहा.

पायरी ७: टाइपच्या खुणा

चलापुढे कोलन देऊन त्याचा प्रकार लिहिता येतो. व्यक्ती नावाचा क्लास (वस्तूंचा साचा) बनवा आणि त्याच्या आत ही ओळ लिहा, देवनागरीत:

आई: व्यक्ती

३.१३ पर्यंत इथे एरर यायची, कारण क्लास पुरा होण्याआधीच पायथन ‘व्यक्ती’चा अर्थ शोधायला जायचा आणि ते नाव अजून जन्मलेलं नसायचं. मग त्या नावाला अवतरणात टाकायची पळवाट काढावी लागे. आता खुणेचा अर्थ कोणी विचारला तरच काढला जातो, म्हणून ओळ सरळ चालते. ध्यानात ठेवा, पायथन स्वतः या खुणा तपासत नाही. आकड्याच्या जागी स्ट्रिंग दिलीत तरी तो अडवणार नाही. त्या वाचणाऱ्यासाठी आणि तपासणीच्या वेगळ्या साधनांसाठी असतात.

पायरी ८: जिलचं काय करायचं

विहिरीवर चार माणसं आहेत, पोहरा एकच. ज्याच्या हातात पोहरा तोच पाणी काढणार. पायथनच्या थ्रेडचं, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी चालणाऱ्या कामांचं, इतकी वर्षं असंच होतं. तो पोहरा म्हणजे जिल. प्रोग्रामर सॅम ग्रॉस यांच्या कामातून जिलशिवाय चालणारा पायथन उभा राहिला. ३.१३ मध्ये तो प्रयोग म्हणून आला, ३.१४ मध्ये त्याला अधिकृत आधार मिळाला. तो वेगळा बसवावा लागतो, नेहमीचा पायथन अजून जिलसहितच येतो. एकाच थ्रेडवर चालणारा प्रोग्राम त्याच्यावर साधारण ५ ते १० टक्के हळू चालतो, आणि तुमचे सगळे प्रोग्राम सध्या एकाच थ्रेडवर चालतात. तेव्हा आत्ता बसवू नका. दोन थ्रेडनी एकाच लिस्टमध्ये लिहिलं तर काय होतं, हे स्वतः सांगता येईल त्या दिवशी याच्याकडे या.

पायरी ९: जुना कोड समोर आला तर

प्रिंटनंतर कंस नसेल तर तो पायथन २ चा कोड आहे. त्या पिढीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. तो व्हिडिओ बंद करा, दुसरा शोधा.

याहून फसवी जागा एक्सेप्टची, म्हणजे ट्रायच्या आत आलेली एरर पकडणाऱ्या ओळीची, आहे. ३.१४ मध्ये दोन प्रकारच्या एरर एकत्र पकडताना त्यांच्याभोवती कंस लागत नाही, ‘ॲज’ वापरत नसाल तर. एक्सेप्ट, व्हॅल्यूएरर, स्वल्पविराम, टाइपएरर, कोलन, एवढं पुरतं. पण पायथन २ मध्ये स्वल्पविरामानंतर येई ते एररला द्यायचं नाव: एक्सेप्ट, व्हॅल्यूएरर, स्वल्पविराम, ई. हा जुना कोड ३.१३ पर्यंत सुरू होतानाच अडायचा. ३.१४ मध्ये तो बिनतक्रार सुरू होतो. त्या ओळीला ‘ई’ हा एररचा दुसरा प्रकार वाटतो, आणि ट्रायच्या आत खरोखर काही बिघडलं की ‘ई’ नावाचं काही नाही अशी भलतीच एरर समोर येते. जुन्या कोडमध्ये एक्सेप्टच्या ओळीत स्वल्पविराम आणि त्यापुढे एकच अक्षर दिसलं, की स्वल्पविराम काढून तिथे ‘ॲज’ लिहा आणि मगच प्रोग्राम चालवा.